पाय निवेपर्यंत

मा. संपादक,
नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या अ‍ॅपल पायची रेसिपी आली होती. फोटो मस्त, मापं बरोबर, पण शेवटी 'गरमागरम सर्व्ह करा' वाचलं आणि राहवेना म्हणून हे पत्र. अहो, फळांचा पाय गरम कापत नाहीत! आम्ही पहिल्यांदा तेच केलं, ओव्हनमधून काढला की लगेच सुरी घातली, तर आतला सगळा रस डिशभर पसरला आणि वरचं झाकण होडीसारखं तरंगायला लागलं. शेवटी वाट्यांमध्ये घेऊन चमच्याने प्यायलो. रसात कॉर्नफ्लोर असलं तरी गरम असताना ते पातळच राहतं, निवल्यावर धरतं, त्याला दोन-तीन तास द्यावेच लागतात.

आणि माझं म्हणणं असं की पायमध्ये खरं काही असेल तर ते हे दोन-तीन तासच. एरवी आमच्या घरात कुणाचा पाय टिकत नाही (हा शब्द मराठीत जरा घोळच करतो, सासूबाईंनी पहिल्या वेळी विचारलं होतं, अगं कुणाचा पाय भाजतेयस?), जेवण झालं की जो तो आपापल्या खोलीत, मोबाइलमध्ये. पण बटरचा आणि दालचिनीचा वास घरभर सुटलेला आणि खायला अजून वेळ आहे म्हटल्यावर कुणी हलत नाही, उठलो तर आपला तुकडा जाईल ही भीती असतेच.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला केलेल्या पायचं सांगते. माझे मिस्टर आणि धाकटे दीर दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते, कारण लिहीत नाही, तुम्ही छापाल. आईसाठी म्हणून दोघं आले आणि हॉलच्या दोन टोकांना बसले. मग मी कामंच वाटली. सासूबाईंचे हात कायम गार, त्यामुळे थंडगार बटर मैद्यात चोळायचं काम त्यांचं, वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग बर्फाचं पाणी. बटरचे वाटाण्याएवढे तुकडे तसेच राहू द्यायचे, ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तीच पापुद्रे सुटे करते, गरम हाताने चोळलं तर बटर आधीच वितळून मैद्यात मुरतं आणि पाय होतो बिस्किटासारखा. सफरचंदं मिस्टरांनी सोलली, जाड साल काढत, पण म्हटलं जाऊ दे. गोळा तासभर फ्रीजमध्ये होता तेव्हाही दोघं गप्पच.

वरची जाळी मात्र एकट्याने विणताना फार वैताग येतो. एक सोडून एक पट्टी मागे दुमडायची, आडवी पट्टी ठेवायची, दुमडलेल्या परत सोडायच्या, मग राहिलेल्या उचलायच्या, आणि तेवढ्यात पीठ मऊ पडून तुटायला लागतं. भावजींनी पट्ट्या फूटपट्टी लावून कापल्या होत्या (इंजिनिअर माणूस!) आणि दुसरे हात फक्त मिस्टरांचे मोकळे होते. 'उचल.' 'ही नाही, पलीकडची.' 'सोड आता.' दीड वर्षात दोघांनी एकमेकांना उद्देशून बोललेले शब्द हे एवढे. एक पट्टी तुटली तर भावजींनी पाणी लावून चिकटवली आणि मिस्टर म्हणाले, दिसत नाही रे. मी आणि सासूबाई ओट्याशी उगाच भांडी पुसत उभ्या.

220 ला 20 मिनिटं, मग 180 ला 40, जाळीतून रस बुडबुडायला लागला तेव्हा काढला. मग ते तीन तास. माझ्या मुलीला गणिताचं वेड, तिने सांगितलं की गणितातला पाय (π) म्हणजे साधारण 3.14, म्हणून 14 मार्चला (अमेरिकेत महिना आधी लिहितात, 3/14) पाय डे असतो, 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम नावाच्या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ नावाच्या फिजिक्सवाल्याने सुरू केला, तिथे लोकांनी गोल फेरी मारली आणि फळांचे पाय खाल्ले. त्यावरून भावजींना मिस्टरांचे शाळेतले गणिताचे मार्क आठवले आणि ते त्यांनी मोठ्याने सांगितले. मिस्टर चिडले, पण साधंसुधं चिडले, पूर्वीसारखे.

भांडण मिटलंय असं अजूनही म्हणवत नाही. जाताना भावजी उरलेले दोन तुकडे माझ्या काचेच्या डिशमध्येच घेऊन गेले, डिश परत द्यायला आले तेव्हा दोन तास बसले. येत्या रविवारी ती तिसऱ्यांदा भरायची आहे.

तेव्हा 'गरमागरम'ची तेवढी दुरुस्ती छापा. 'किमान तीन तास निवू द्या, आणि तोवर कुणाला घरी जाऊ देऊ नका' असं लिहिलंत तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक