पाळोळ्याचे खडक: हद्द माथ्यापासून धरा

मा. पर्यावरणमंत्री, गोवा सरकार, पणजी यांस,
सादर नमस्कार.

काणकोणातल्या पाळोळे किनाऱ्याच्या टोकांना असलेले ग्रॅनाइटचे धोंडे राज्याने नैसर्गिक स्मारक म्हणून अधिसूचित करावेत, ही आमची मागणी आहे. काणकोण ग्रॅनाइट नावाने ओळखला जाणारा हा दगड दोन अब्ज वर्षांहून जुना आहे. बंगळुरूच्या लालबागेतल्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान मिळाला आहे. आपल्याकडे 2011 च्या किनारी नियमन क्षेत्राच्या (CRZ) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा नावानिशी आहेत, खडक मात्र नाहीत.

नुसता फलक लावून भागणार नाही. तोही कृपया खडकात भोक पाडून लावू नये. लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत गंजतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून तडकतो. फलक वाळूत वेगळ्या खांबावर उभारावा.

सर्वांत मोठा धोका शेकोटीचा. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्‌झ तापला की शेजारच्या फेल्डस्पार या खनिजापेक्षा जास्त फुगतो. 573 अंशांना तर त्याची रचनाच बदलते. कणांची पकड सुटते, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात. काजळी धुता येते, गेलेला पापुद्रा परत येत नाही. म्हणून खडकापासून किमान 10 मीटरपर्यंत आग पेटवण्यास बंदी हवी, खडकाच्या आडोशाला तर हवीच हवी.

रंगाने लिहिलेली नावे पुसायला आम्ल किंवा वाळूचा फवारा वापरला, तर रंगाबरोबर दगडही जातो. आधी एका कोपऱ्यात चाचणी, मग कमी दाबाचे गरम पाणी, गरज पडल्यास रंग शोषून घेणारा लेप, एवढेच करावे. भेगा सिमेंटने बुजवणे हा आपल्याकडचा आवडता उपाय. त्याने खारे पाणी आत कोंडते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि भेग रुंदावते.

आता स्मारकाची हद्द. हे धोंडे भेगांभोवतीचा दगड कुजून, त्याचा मुरूम वाहून गेल्यामुळे सुटे झाले आहेत. काही केवळ खालच्या मुरमावर आणि वाळूवर टेकलेले. बुडाची वाळू उपसली किंवा वरच्या झोपड्यांचे सांडपाणी तिथे सोडले की आधार जातो. त्यामुळे हद्द धोंड्याभोवती न आखता उताराच्या माथ्यापासून ओहोटीच्या रेषेपर्यंत आखावी. पर्यटन हंगामाच्या परवान्यांतही हीच हद्द अट म्हणून घालावी. त्याआधी प्रत्येक धोंड्याला क्रमांक देऊन चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढे कोणते नुकसान नवे ते ठरवता येईल.

आपले,
काणकोण परिसरातील भूविज्ञानाचे अभ्यासक