रॉड ठोकला म्हणजे अर्थिंग झाले असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोठा, गॅरेज, मोटरची खोली अशा घरापासून सुट्या बांधकामाला वीज नेताना अनेकदा फेज आणि न्यूट्रल एवढ्या दोनच तारा ओढतात. तिकडे जमिनीत धातूचा एक रॉड ठोकून त्याला हिरवी, म्हणजे अर्थची तार बांधली की काम झाले, असा समज असतो. हा समज जिवावर बेतणारा आहे.

100 ओहम-मीटर रोधकतेच्या (माती करंटला किती अडवते त्याचे माप) मातीत 2.4 मीटर लांब, 16 मिमी जाड रॉडचा रोध सुमारे 40 ओहम भरतो. मोटरचे वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) बॉडीला लागले, तर 230 व्होल्टला त्यातून जेमतेम पावणेसहा अँपिअर जातात. 16 अँपिअरच्या एमसीबीला (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच) हा रोजचाच लोड वाटतो. ती ट्रिप होत नाही आणि बॉडीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसेच राहते. रॉड दुप्पट जाड घेतला तरी रोध दहाएक टक्केच घटतो. दुप्पट खोल गेला तर जवळपास निम्मा होतो. रॉडभोवती मीठ टाकल्याने रोध उतरतो खरा, पण मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि धातूही खाते.

एक उपाय म्हणजे मेन बोर्डापासून तिसरी, अर्थची तार नेणे. 16 चौ.मिमीपर्यंत ती फेजच्याच जाडीची असावी. पुरवठ्याची अर्थ धातूच्या तारेनेच ट्रान्सफॉर्मरपर्यंत जात असेल आणि फेजमधून जाऊन अर्थने परतणाऱ्या करंटच्या सगळ्या फेऱ्याचा रोध 1 ओहम असेल, तर दोष होताच 230 अँपिअर वाहतात आणि 16 अँपिअरची सी टाइप (रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटला लगेच पडणारी) एमसीबी तत्क्षणी पडते.

मात्र ती अर्थ पुरवठ्याच्या न्यूट्रललाच जोडलेली असेल आणि बाहेर न्यूट्रल तुटला, तर अर्थला जोडलेल्या सगळ्या धातूत करंट उतरतो. गोठ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस आणि जनावरे उभी असतात. अशा जागी स्वतंत्र रॉड आणि शेडच्या (म्हणजे त्या सुट्या बांधकामाच्या) बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हाच योग्य मार्ग. 40 ओहमच्या रॉडवर 30 मिलिअँपिअरला बॉडीवर सव्वा व्होल्टही येत नाही. मग घराची अर्थ तिकडे पोहोचू द्यायची नाही. आर्मर्ड केबलचे आर्मर (वरचे धातूचे कवच) घराच्या टोकालाच अर्थ करावे. शेडच्या टोकाला ते प्लॅस्टिकच्या बॉक्समध्ये थांबवावे. घराकडून येणारा लोखंडी पाइपही ही अर्थ घेऊन येतो. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घालावा.

सर्वांत वाईट जुगाड म्हणजे शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधणे. शेडला येणाऱ्या केबलचा न्यूट्रल सैल झाला की मोटरच्या बॉडीवर थेट फेज येतो. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून कुणी हे करत असेल, तर आधी गळती शोधावी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आरसीसीबीचे टेस्ट बटण रॉड तपासत नाही. अर्थची तार तुटलेली असली तरी ते दाबल्यावर आरसीसीबी पडतेच. रॉड अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो. मेन बंद करून, अर्थची तार रॉडपासून सोडवून, आणि शक्यतो भर उन्हाळ्यात. कारण माती वाळली की रोध सर्वाधिक असतो. 200 ओहमच्या वर आकडा आला तर दुसरा रॉड ठोकावा, पहिल्यापासून निदान रॉडच्या लांबीइतका दूर.

आपला,
एक विद्युत तंत्रज्ञ