आधी औषधांचे मागणीपत्र दुरुस्त करा

मा. संपादक,
स. न.

माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकचा विषय निघाला की पहिली मागणी होते ती नव्या इमारतीची. काही ठिकाणी जागा अपुरी पडते, हे खरेच आहे. तरीही ८०-९० किलोमीटरवरून एसटीने आलेल्या वीरपत्नीला मधुमेहाच्या गोळ्यांविना परत जावे लागत असेल, तर दुरुस्ती आधी औषधाच्या खिडकीपासून व्हायला हवी.

ही पॉलिक्लिनिके चालवणारी ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीची आरोग्य योजना, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. भागातील माजी सैनिकांची संख्या पाहून पॉलिक्लिनिकचा प्रकार ठरतो: २०,००० च्या वर ए, १०,००० च्या वर बी, ५,००० च्या वर सी, त्याखाली डी. डॉक्टर आणि कर्मचारी किती, हे या प्रकारावर ठरते. पण रांगेत पत्नी असते, आईवडील असतात, विधवा असतात, आणि यातले बहुतेक वयस्क. कार्डांची संख्या तीच राहिली तरी कार्डधारकांची वये वाढतात, तसा गोळ्यांचा खप वाढत जातो.

औषधे मुख्यतः लष्करी रुग्णालयातील वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत येतात. कमी पडतील ती अधिकृत स्थानिक विक्रेत्याकडून घेता येतात. घोळ होतो तो मागणी मोजताना. समजा, ४०० रुग्णांना मधुमेहावरची मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा लागते. महिन्याची गरज २४,००० गोळ्यांची. त्या महिन्यात १५,००० च आल्या, तर २५० जणांची सोय झाली आणि १५० जणांच्या चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ असा शिक्का पडला. वहीत मात्र खप १५,००० चा दिसतो. त्यावरून तिमाहीचे मागणीपत्र भरले की ७२,००० ऐवजी ४५,००० गोळ्या मागितल्या जातात. असा तुटवडा आपणच पुढच्या तिमाहीत नेतो, आणि कागदोपत्री कुणाचीच चूक दिसत नाही!

यावर उपाय अगदी साधा आहे. ‘उपलब्ध नाही’ म्हणून परत गेलेली प्रत्येक गोळी त्याच दिवशी वेगळ्या रकान्यात लिहावी आणि दिलेल्या गोळ्यांत मिळवून खरी मागणी काढावी. माल यायला तीन महिने लागत असतील, तर शिल्लक चार महिन्यांच्या गरजेवर, म्हणजे वरील उदाहरणात ९६,००० वर आली की लगेच मागणी जावी. तीन महिने वाटेतले, एक महिना हाताशी. आधी मुदत संपणारा माल आधी द्यावा. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे, तापमान सकाळ-संध्याकाळ नोंदवावे. बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेले इन्सुलिन नंतर वितळले तरी वापरू नये.

आणखी एक गोष्ट खिडकीवर सांगायला हवी. बाहेरचा तज्ज्ञ औषधाचे कंपनीने दिलेले नाव लिहितो, खिडकीवर तेच औषध दुसऱ्या पाकिटात मिळते. घरी जुनी पट्टीही असते. म्हातारी माणसे मग दोन्ही घेतात. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या औषधात हे जिवावर बेतू शकते. पाकिटावर मराठीत ‘जुनी गोळी बंद, हीच घ्या’ एवढे लिहायला किती वेळ लागतो?

रेफरलवर, म्हणजे बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याच्या चिठ्ठीवर, निदान, तारीख, सही यांपैकी एक जरी राहिले तरी रुग्णालयाचे बिल अडकते. बिले साचली की रुग्णालये रोकडविरहित उपचारांना टाळाटाळ करतात. म्हणून रेफरल हातात पडताच तिथेच वाचून घ्यावे. तातडीच्या वेळी योजनेच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले, तर ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे आणि मूळ पावत्या जपाव्यात. परतावा ठरलेल्या सरकारी दरानेच मिळतो. पॉलिक्लिनिकचा फोन नंबर कार्डाच्या पाकिटात ठेवावा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावा.

— एक माजी सैनिक, सातारा