नमुने गेले, उपचार कधी येणार?

मा. महासंचालक,
जागतिक आरोग्य संघटना, जिनिव्हा

सविनय नमस्कार.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे मूळ रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. रेणूच्या पातळीवर कारण उलगडलेला हा पहिला आजार. तरीही दरवर्षी ३ लाखांहून अधिक बाळे तो घेऊन जन्मतात, त्यांतली बहुतेक सहारापलीकडच्या आफ्रिकेत, आणि त्यांतली कितीतरी निदान व्हायच्या आतच, पाच वर्षांची होण्याआधी दगावतात.

२०२३ मध्ये याच आजारावरचा जनुक-संपादनाचा उपचार ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर. या शोधाचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या बाळांना आज हवी आहे टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची चाचणी, पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध दिले तेव्हा वेदनेचे झटके कमी झाले, मलेरिया कमी झाला, मृत्यूही कमी झाले. म्हणजे उत्तर हाताशी आहे. ते घरापर्यंत पोहोचत नाही, याचे मला फार दुःख होते.

आजाराचे ओझे एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, ही फारकत जुनी आहे. २०१६ च्या एका आढाव्यानुसार, जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. यात नुकसान सगळ्यांचेच आहे. पीसीएसके९ हे जनुक निकामी असले की कोलेस्टेरॉल बरेच खाली राहते, हे अमेरिकेतल्या डॅलसमधल्या अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या सहभागींमुळे कळले. युरोपीय वंशात ते जनुक निकामी करणारे बदल दुर्मीळ. त्या धाग्यावरून तयार झालेली औषधे २०१५ पासून जगभरच्या हृदयरुग्णांना मिळू लागली.

आणि २०२१ चा नोव्हेंबर आठवा. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचा जनुकक्रम तातडीने जगापुढे ठेवला, तर काही दिवसांत त्यांच्याच देशांची विमाने अडवली गेली. तुमच्या संघटनेने त्याला विरोध केला होता, हे मी विसरलेले नाही.

मानवी जनुकीय माहिती कशी गोळा करावी आणि वाटून घ्यावी, याची तत्त्वे तुम्ही २०२४ मध्ये जाहीर केलीत. ती चांगली आहेत, पण कोणावर बंधनकारक नाहीत. माझी विनंती एवढीच, की सदस्य देशांपुढे ती करार म्हणून मांडा. जिथून रक्ताचे नमुने घ्याल तिथे जनुकांच्या क्रमवाचनाची यंत्रे, ती चालवणारी प्रशिक्षित माणसे आणि त्यांचे पगार निधी संपल्यावरही टिकले पाहिजेत. त्या संशोधनातून चाचणी वा औषध निघाले, तर नमुने देणाऱ्या देशाला परवडेल अशी किंमत आधीच लिहून घ्या. सुरुवात सिकलसेलपासूनच करा; नवजात बाळांची चाचणी किती देशांत होते, याचा हिशेब दरवर्षी जागतिक आरोग्य सभेपुढे ठेवा.

आपली,
एक वाचक