टाइलखाली झाकल्या गेलेल्या कामाबद्दल

मिस्त्री,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

बाथरूम बघायला येणारे टाइलच्या रंगाचं कौतुक करतात. रंग आम्ही निवडला, त्यात तुमचा काही वाटा नाही. तुमचं खरं काम टाइलच्या खाली आहे आणि ते आता कुणाला दिसणार नाही. हे आभारपत्र त्या झाकलेल्या कामाचं. ते चारचौघांत वाचता येईल असं लिहिलंय, कारण लाकडी जमिनीवर टाइल बसवून घ्यायच्या बेतात असलेल्यांना मिस्त्री निवडताना काय बघायचं याचा अंदाज यातून येईल.

पहिले आभार टाइलची पेटी लगेच न उघडल्याबद्दल. तुम्ही आधी तीन मापं घेतलीत: कड्यांची (फळ्यांना खालून पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळयांची) रुंदी-उंची, दोन कड्यांमधलं अंतर आणि आधारापासून आधारापर्यंतची कडीची लांबी. लाकडी जमीन चालताना थोडी वाकते, टाइल वाकत नाही. सिरॅमिक किंवा पोर्सेलीनसाठी ठरलेली मर्यादा अशी की, भाराखाली कडीचा झोल तिच्या लांबीच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नको. ३.६ मीटरच्या कडीला म्हणजे फार तर १० मिमी. संगमरवरासारख्या नैसर्गिक दगडाला तर ७२० वा भाग, म्हणजे ५ मिमी. 'दगड घालायचा असेल तर कड्या वाढवाव्या लागतील' हे तुम्ही खरेदीच्या आधी सांगितलंत. नंतर सांगणारे पुष्कळ असतात.

दोन कड्यांमध्ये ४०० मिमी अंतर ठीक, ६०० असेल तर मधली फळी पायाखाली दबते. कडी मजबूत असूनही दोन कड्यांच्या मधोमध ग्राउटला (टाइलमधल्या दरजांत भरलेल्या मसाल्याला) चीर जाते ती याच दबण्यामुळे. तुम्ही कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवलेत आणि कुरकुरणाऱ्या फळ्यांचे खिळे काढून स्क्रू मारलेत. खिळा कालांतराने सैल होतो आणि फळी त्याच्यावर वरखाली होऊ लागते. कुरकुर हा त्याचाच आवाज.

कमोडच्या भोवतीचं लाकूड तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिलंत. चांगल्या लाकडात टोक जेमतेम शिरतं, कुजलेल्यात सहज रुततं. कमोडचा सांधा वर्षानुवर्षं थेंबथेंब गळत असला तरी वरून काही कळत नाही. आधी गळती बंद करायची, मग कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढायचा, आणि कडीला लागण झाली असेल तर तिच्या बाजूला तेवढ्याच उंचीची नवी कडी बोल्टने जोडायची. या कामांचा क्रम तुम्ही बदलू दिला नाहीत. प्लंबरने पाइपसाठी कडीला वरून पाडलेली खाचही तुम्हीच दाखवलीत. पाइप न्यायचाच असेल तर कडीच्या उंचीच्या मध्यावर भोक पाडावं, तिथे ताण सगळ्यात कमी असतो. आधाराच्या दोन टोकांमध्ये, लांबीच्या मध्यभागी, वर किंवा खाली खाच पाडणं सगळ्यात घातक.

मग प्लाय. जुन्या फळ्यांवर थेट टाइल का नाही, हा प्रश्न सगळेच विचारतात. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं-आकसतं. लांबीच्या दिशेनं हा फरक अगदी नगण्य, ०.१-०.२ टक्क्यांच्या घरात. रुंदीच्या दिशेनं मात्र तो त्याच्या कित्येक पट. शेजारशेजारची प्रत्येक फळी स्वतंत्रपणे हलते. पोर्सेलीन टाइल तर स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, ती जागची हलत नाही. हलणाऱ्या आणि न हलणाऱ्याला एकमेकांना चिकटवलं की मधला थर फाटणारच. प्लायमध्ये थर आलटून-पालटून आडवे-उभे असतात, म्हणून ती खूप कमी हलते.

१८ मिमीची, पाण्याला टिकणारी प्लाय तुम्ही दोन दिवस त्याच खोलीत उभी करून ठेवलीत, म्हणजे तिथल्या हवेशी तिचं जमलं. वरच्या थराचे धागे कड्यांना काटकोनात ठेवलेत. प्लायच्या शीटच्या टोकांचे सांधे कडीवर आले, दोन शीटमध्ये सूतभर म्हणजे ३ मिमी फट राहिली आणि भिंतीपाशी ६ मिमी किंवा जास्त. स्क्रू कडेला १५० मिमीवर, मध्ये २०० मिमीवर. त्याआधी पाइप कुठून जातात ते तुम्ही खडूने आखलंत. हा खडू अनेकांच्या खिशात नसतो, आणि पाइपात गेलेला स्क्रू महिन्यांनी गळायला लागतो.

स्लॅबवर वाळू-सिमेंटच्या जाड गादीत टाइल बसवलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. इथे ती का नको, हे तुम्ही हिशेबाने समजावलंत. ५० मिमी जाड गादीचं वजन एका चौरस मीटरला साधारण १०० किलो. टाइल आणि माणसं वेगळीच. शिवाय गादी ताणाला कमजोर, जमीन वाकली की तिला भेगा पडतात. तुमच्या पद्धतीत ६ मिमी सिमेंट बोर्ड (प्लाय आणि टाइल यांच्यामध्ये बसणारी सिमेंटची तयार फळी), अॅडहेसिव्हचे दोन थर आणि १० मिमी पोर्सेलीन मिळून ३५ ते ४० किलोच्या आसपास. कड्यांनी हे वजन पेलायचं असतं, म्हणून मापं सगळ्यात आधी.

सिमेंट बोर्डाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घाईत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बोर्ड नुसता स्क्रूने ठोकून चालत नाही. त्याच्याखाली ६ मिमी दात्यांच्या थापीने अॅडहेसिव्हचा थर लागतो. हा थर चिकटवण्यापेक्षा पोकळी भरण्यासाठी असतो. बोर्डाखाली हवेची जागा राहिली तर ती पाय पडला की दबते, आणि तिच्यावरच्या टाइलवर टिचकी मारली की पोकळ वाजते. बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ दिले नाहीत, चार कोपरे एका ठिकाणी भेटू दिले नाहीत. दोन बोर्डांत पुन्हा सूतभर फट, त्यात अॅडहेसिव्ह आणि वर अल्कलीला टिकणारी जाळीची पट्टी. ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डाच्या भिंतींच्या) सांध्यांची साधी काचेची जाळी सिमेंटमधल्या अल्कलीने हळूहळू खाल्ली जाते, म्हणून ती चालत नाही. बोर्डाचे स्क्रू २०० मिमीवर, गंज न लागणारे, आणि फक्त प्लायपर्यंत. कडीपर्यंत पोचणारा लांब स्क्रू जास्त मजबूत वाटतो, पण मग कडीची हालचाल थेट बोर्डाला पोचते.

सगळीकडे बोर्डच हवा असं नाही. जिथे उंची वाढू द्यायची नव्हती, तिथे अनकपलिंग मॅट हा पर्याय तुम्ही मांडलात. सुमारे ३ मिमी जाडीची ही मॅट खालची आडवी सरक वर पोचू देत नाही. पण वरखाली होणारा झोल ती थांबवू शकत नाही. मॅट विकणारे हा भाग हळू आवाजात सांगतात. तुम्ही तो मोठ्याने सांगितलात.

सिमेंट बोर्ड पाण्याने खराब होत नाही, पण पाणी त्याच्यातून आरपार जातं. हे दोन वेगळे गुण आहेत आणि ग्राहकाला ते एकच वाटतात. म्हणून बोर्डावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला एका दिशेनं, वाळल्यावर दुसरा त्याला आडवा. कोपऱ्यांत आणि जमीन-भिंतीच्या सांध्यात पट्टी, पाइपभोवती कॉलर, भिंतीवर किमान १५० मिमी वर आणि शॉवरच्या भिंतींवर शॉवरच्या तोटीच्याही वर. शॉवरचा ढाळ मीटरला १५ ते २० मिमी ठेवलात. लाकडी जमिनीत हा ढाळ सिमेंटने उचलण्याऐवजी तयार ढाळाचा ट्रे कड्यांच्या मध्ये बसवलात. ट्रे बसावा म्हणून कडी तासायची हे तुम्ही साफ नाकारलंत. मग जाळीला बूच लावून २०-२५ मिमी पाणी भरलंत, पातळीवर पेन्सिलीची खूण केलीत आणि २४ तास थांबलात. या चाचणीचा एक दिवस वाचवणारे नंतर सगळं उखडतात.

अॅडहेसिव्हच्या पोत्यावर सी२ आणि एस१ हे शिक्के आहेत का, ते तुम्ही दाखवलंत. सी२ म्हणजे किमान १ न्यूटन प्रति चौरस मिमी एवढी पकड. एस१ म्हणजे त्याची ३ मिमी जाड पट्टी तुटायच्या आधी २.५ मिमी तरी वाकते. ५ मिमी किंवा जास्त वाकली तर एस२. लाकडी जमिनीवर एस१ ही खालची पायरी समजा. पण पायाखाली डुगडुगणाऱ्या जमिनीला कुठलंही अॅडहेसिव्ह वाचवू शकत नाही.

अॅडहेसिव्ह पाणी मोजून, मंद फिरणाऱ्या मिक्सरने कालवायचं, पाच मिनिटं राहू द्यायचं, पुन्हा ढवळायचं. घट्ट व्हायला लागलं की त्यात पाणी घालून जिवंत करायचं नाही, टाकून द्यायचं. जमिनीवर पसरलेल्या थराला बोट लावून बोटाला चिकटलं नाही तर त्यावर साय धरलेली असते. मग तो थर खरवडून नवा. थापीच्या रेघा गोलगोल न मारता एकाच दिशेनं सरळ, म्हणजे टाइल दाबताना हवा निघून जाते. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात. बसवलेली एखादी टाइल मधूनच उचलून तुम्ही पाठ बघत होतात, ओल्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली हवी. ही सवय असलेल्या मिस्त्रीला काम द्यायला हरकत नाही.

मांडणीबद्दल थोडक्यात. ९०० आणि १२०० मिमी मोजून कर्ण १५०० येतो का, असा गुण्या तपासलात. दारातून दिसणाऱ्या बाजूला पूर्ण टाइल आणि कापलेली पट्टी कमोडच्या मागे. २ मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीहून जास्त उंचसखल नाही, हे टाइलच्या आधी. कमोड काढून त्याच्याखालून टाइल गेली, त्याच्या कडेनं कापून नाही. जमीन जेवढी वर आली तेवढा कमोडचा सांधा उचलावा लागतो आणि दाराला रंधा मारावा लागतो, हे दोन्ही अंदाजपत्रकात आधीच होतं.

ग्राउट २४ तासांनी. स्पंज घट्ट पिळून, दरजांना तिरका फिरवून. जास्त पाण्याने पुसलं की रंग डागाळतो आणि बारीक भोकं पडतात. भिंतीलगतच्या फटीत मात्र ग्राउट नाही, सिलिकॉन. तिथे कडक ग्राउट भरलं की जमिनीला हलायला जागा उरत नाही, मग मधल्या टाइल तंबूसारख्या उचलल्या जातात, नाहीतर कोपऱ्यात भेग पडते. बाथटबच्या कडेला सिलिकॉन लावताना तुम्ही टब पाण्याने भरलात, सिलिकॉन घट्ट होईपर्यंत पाणी तसंच ठेवलंत. भरलेला टब किंचित खाली बसतो. रिकाम्या टबाला लावलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ताणलं जातं.

अंदाजपत्रकासाठीही आभार. उखडणं, लाकडाची दुरुस्ती, प्लाय, बोर्ड, वॉटरप्रूफिंग, टाइल, ग्राउट, प्रत्येकाची वेगळी ओळ. जमीन उघडल्याशिवाय लाकडाच्या दुरुस्तीचा आकडा सांगता येत नाही, हे तुम्ही त्याच कागदावर लिहिलंत. जमीन न बघता नुसता चौरस मीटरचा दर सांगणाऱ्याचा आकडा कमी असतो, कारण त्यात वर लिहिलेल्यांपैकी बहुतेक काही नसतं. वाळण्याचे दिवसही तुम्ही वेळापत्रकात धरले होते: टाइलवर पाय ठेवायला २४ तास, आणि शॉवर सुरू करायला अॅडहेसिव्ह-ग्राउटच्या पोत्यावर आणि सिलिकॉनच्या नळीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे.

जाताना तुम्ही एकाच बॅचच्या पाच टाइल बाजूला ठेवल्यात. पेटीवरचा शेड नंबर, ग्राउटचा रंग क्रमांक आणि पाइपांच्या खडूच्या खुणांचा फोटो, सगळं एका पाकिटात. पाकीट बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. पुढे कधी त्या जमिनीला भोक पाडायची वेळ आली, तर ते पाडणाऱ्याला आधी तेच पाकीट दाखवू.

आपले,
त्या बाथरूमचे मालक