काँक्रीटसाठी रस्ता बंद करताना कामाचा क्रम पाळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस उघडला की मुंबईच्या उपनगरांत खोदाई सुरू होते आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लागतात. रस्ते काँक्रीटचे होण्याला आमचा विरोध नाही. महापालिकेने दोन टप्प्यांत मिळून सुमारे ७०० किलोमीटर रस्ते हाती घेतले आहेत, आणि दरवर्षी डांबरातले खड्डे बुजवत बसण्यापेक्षा हे कधीही चांगले. मात्र रस्ता जितके दिवस बंद राहतो, त्यातले प्रत्यक्ष कामाचे दिवस कमी आणि नुसतेच ताटकळण्याचे दिवस जास्त असतात. ते कमी करता येतात, म्हणून हे पत्र.

काम मुळात किती दिवसांचे? नऊ मीटर रुंदीची गल्ली घ्या. तिचा साडेचार मीटरचा अर्धा भाग आधी करायचा आणि उरलेल्या अर्ध्यातून वाहतूक चालू ठेवायची. साधारण ५५ ते ६० सेंटिमीटर खोदावे लागते. तळाला खडीचा दाबलेला थर, त्यावर १५० मिलिमीटर ड्राय लीन काँक्रीट (कमी सिमेंटचे, कोरडसर पायाभूत काँक्रीट) आणि वर एम-४० या मजबूत प्रतीचे २५० ते ३०० मिलिमीटर काँक्रीट. खोदाई, दबाई आणि खडीला आठ-दहा दिवस धरा. लीन काँक्रीटवर सात दिवस पाणी मारायचे. वरचे काँक्रीट १०० मीटर लांबीला २८० मिलिमीटर जाडीने ओतायचे, तर ते १२६ घनमीटर भरते, म्हणजे सहा घनमीटरच्या मिक्सरच्या २१ फेऱ्या. एवढे काम एका दिवसात उरकते. त्यानंतर किमान १४ दिवस गोणपाट ओले ठेवून किंवा आळी करून पाणी साठवायचे, आणि वाहने सोडायची ती साधारण २८ दिवस झाल्यावर. सगळे मिळून एका बाजूला दीड महिना, दोन्ही बाजूंना तीन. याहून घाई करा असे आम्ही म्हणत नाही. कच्च्या काँक्रीटवर दहा हजार लिटरचा टँकर चढला तर नुसत्या पाण्याचेच वजन दहा टन होते. अशा वेळी स्लॅबचे कोपरे तुटतात आणि तोच रस्ता पुन्हा बंद होतो.

पण गल्ल्या चार-चार, पाच-पाच महिने बंद असतात, कारण जेसीबी आधी येतो आणि खाली काय आहे याचा शोध नंतर सुरू होतो. उपनगरातल्या जुन्या रस्त्याखाली पाण्याची मुख्य वाहिनी, प्रत्येक इमारतीची जोडणी, मलवाहिनी, विजेच्या केबल, टेलिफोनच्या तारा आणि गॅसची पिवळी नळी असते. नकाशात ती एका जागी दिसते, प्रत्यक्षात हातभर बाजूला निघते. यावर उपाय जुनाच आहे. बॅरिकेड लावण्याआधी दर २०-२५ मीटरवर रस्त्याला आडवा, हाताने खोदलेला चाचणी-खड्डा घ्यायचा. तो रात्री घेऊन सकाळी बुजवता येतो, त्यासाठी रस्ता बंद करावा लागत नाही. हे न करता बकेट चालवली की जोडणी तुटते, काम थांबते, संबंधित कंपनीचा माणूस येईपर्यंत खड्डा तसाच उघडा राहतो.

जोडणी तुटण्याचा दुसरा परिणाम घरातल्या नळाला दिसतो. आपल्याकडे पाणी दिवसातून ठरावीक तास येते. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब जातो आणि जिथे तडा असेल तिथून खड्ड्यात साचलेले गढूळ पाणी आत ओढले जाते. मलवाहिनी शेजारून जात असेल तर धोका उघड आहे. म्हणून दुरुस्तीनंतरच्या पहिल्या पुरवठ्याच्या वेळी जमिनीखालच्या टाकीचा व्हॉल्व्ह लगेच उघडू नये. सुरुवातीचे पाणी वाहू द्यावे, ते नितळ दिसल्यावर क्लोरीन तपासावे. पट्टीवर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी दिसले तर ते टाकीत घेऊ नये आणि महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सर्वांत जास्त हाल गेटसमोर होतात. ज्या बाजूला सोसायटीचे गेट आहे, त्या बाजूचे काँक्रीट ओतले की २८ दिवस गाडी आत-बाहेर करता येत नाही. कचऱ्याची गाडी, टँकर, रुग्णवाहिका सगळे गल्लीच्या तोंडाशी थांबते. भरलेला गॅस सिलिंडर जवळपास ३० किलोचा असतो, तो खांद्यावरून आणावा लागतो. स्ट्रेचर दोघांनी उचलून खडीवरून न्यावे लागते. खरे तर काँक्रीटचे सांधे तसेही साधारण साडेचार मीटरवर येतात. तेव्हा गेटसमोरचे एक पॅनेल, म्हणजे दोन सांध्यांमधला तुकडा, मुद्दाम सोडून बाकीचे ओतता येते. सोडलेल्या जागेत दाबलेली खडी भरून तात्पुरती वाट द्यायची. दोन्हीकडच्या पॅनेलच्या कडेला सांध्याचे डॉवेल बार (दोन पॅनेल जोडणाऱ्या लोखंडी सळया) आधीच बसवून ठेवायचे आणि शेवटी ते एकच पॅनेल लवकर ताकद धरणाऱ्या मिश्रणाने ओतायचे. मग गेट महिनाभराऐवजी थोडेच दिवस बंद राहते. ठेकेदाराला यात एक जादा सांधा आणि थोडे वेगळे मिश्रण एवढाच त्रास आहे, पण निविदेत लिहिले नसेल तर तो हे आपणहून करणार नाही. दोन गेट असलेल्या सोसायटीत तर एवढेही लागत नाही, एका गेटसमोरची वाट वाहनांना खुली झाल्याशिवाय दुसऱ्यासमोर ओतले नाही म्हणजे झाले.

अग्निशमन दलाचा साधा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. चालू ठेवलेल्या अर्ध्या रस्त्यात किमान साडेतीन मीटर मोकळी पट्टी हवी. तिथे राडारोडा, पाइपांचे ढीग आणि दुतर्फा उभ्या दुचाक्या चालणार नाहीत. यात आम्हा रहिवाशांचाही दोष आहे. त्या तीन महिन्यांत तरी दुचाक्या आवारात घ्यायला हव्यात. पायी चालणाऱ्यांसाठी खड्ड्यावर एक फळी टाकून भागत नाही. मीटरभर रुंद लोखंडी पत्रा, दोन्ही बाजूंना कठडा आणि रात्री दिवा, एवढे तरी असावे. भारतीय रोड काँग्रेसच्या एसपी-५५ या मार्गदर्शिकेत काम चालू असताना वाहतूक आणि पादचारी यांची सोय कशी करावी ते दिलेले आहे, नवे काही शोधायचे नाही.

एकदा उघडलेला रस्ता पुन्हा का खोदतात, हेही लोकांना कळायला हवे. काँक्रीट घट्ट होताना आकसते. ओतल्यानंतर काही तासांतच, म्हणजे बहुधा त्याच रात्री, करवतीने जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीपर्यंत सांधे कापले तर तडा सांध्यातच राहतो. कटरवाला दुसऱ्या दिवशी दुपारी उगवला, की तडा त्याच्या मनाला येईल तिथे गेलेला असतो. दुसरे कारण मिक्सरचे. तो वाहतुकीत अडकला, काँक्रीट घट्ट व्हायला लागले, की साइटवर पाइप लावून त्यात पाणी सोडतात. ते ओतायला सोपे होते आणि कायमचे कमजोर राहते. गल्लीत उभ्या कोणालाही हे डोळ्यांनी दिसू शकते. असे दिसले तर वेळ टाकून फोटो काढावा आणि साइटवरच्या महापालिकेच्या अभियंत्याला दाखवावा.

गल्लीपुरता विचार करूनही चालत नाही. पश्चिम उपनगरांत पूर्व-पश्चिम जाण्याच्या वाटा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला, त्याची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला खुली झाली आणि दुसरी मे २०२५ मध्ये. मधल्या काळात वाहतूक सांताक्रूझचा मिलन उड्डाणपूल, विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल यांच्यावर गेली. अंधेरी सबवे पावसात भरतो आणि बंद होतो, त्यामुळे तो पर्याय धरवत नाही. असा मोठा पूल बंद असताना पर्यायी पुलांकडे जाणारे रस्ते खणू नयेत, ही साधी गोष्ट आहे. त्यासाठी वाहतूक पोलिसांची अधिसूचना आणि विभाग कार्यालयाची खोदाईची परवानगी एकाच नकाशावर आली पाहिजे.

शेवटचा मुद्दा तारखांचा. पावसाळ्यापूर्वीची कामे ३१ मेपर्यंत संपवायची असतात. एका बाजूला दीड महिना लागतो, तर १५ एप्रिलनंतर सुरू झालेली खोदाई वेळेत पुरी होणे कागदावरही बसत नाही. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेलाच पोहोचला, एरवी तो ११ जूनच्या सुमारास येतो. म्हणून नव्या खोदाईची शेवटची तारीख मार्चअखेर ठेवावी, आणि एकाच गल्लीत आधीचा १०० मीटरचा तुकडा वाहनांना खुला झाल्याशिवाय पुढच्या तुकड्याला परवानगी देऊ नये. बॅरिकेडवर ठेकेदाराच्या नावाशेजारी चार तारखा ठळक लिहाव्यात: खोदाई, काँक्रीट ओतण्याचा दिवस, या गेटसमोरची वाट बंद होण्याचा दिवस आणि ती उघडण्याचा दिवस. चौथी तारीख उलटली तर रोजचा दंड निविदेतच असावा.

आपले नम्र,
अंधेरी (पूर्व) येथील रहिवासी