कावाबातांच्या कथा रविवारी छापाव्यात

महोदय,

यासुनारी कावाबाता (१८९९–१९७२) हे साहित्याचे नोबेल मिळवणारे पहिले जपानी लेखक. तरीही इंदूरच्या आम्हा मराठी वाचकांच्या बोलण्यात त्यांचे नाव क्वचितच येते, याची खंत वाटते. आईवडील बालपणीच गेले, १९१४ साली आजोबाही गेले, आणि ते पोरकेपण त्यांच्या लेखनात झिरपत राहिले. ‘हिमप्रदेश’ कादंबरीच्या आरंभी आगगाडीच्या काचेत एका तरुणीचे प्रतिबिंब दिसते आणि बाहेर डोंगरातला दूरचा दिवा नेमका तिच्या डोळ्यावरून सरकतो. एवढ्याशा दृश्यासाठी मी ती पाने कितीदा तरी वाचली आहेत. तळहातावर मावाव्यात अशा शंभराहून अधिक छोट्या कथाही त्यांनी लिहिल्या. रीतसर हक्क घेऊन त्यांतली एकेक कथा आपण रविवारच्या पुरवणीत मराठीतून द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर